धुळ्याहून येणारी पाकिटं

बोदवडच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि केळीच्या घडाचा देठ कुजवणाऱ्या एका बुरशीवर पीएच.डी. करायला घेतली होती. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मुलगी दोन वर्षांची. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात तीन कपाटं होती, त्यातलं एक क्रीडा विभागाच्या ढालींनी भरलेलं.

जगात आपल्या विषयावर कोणी काय केलंय हे कळायचा त्या काळी एकच मार्ग होता. संशोधनाचे सारांश छापलेले जाडजूड खंड निघत. मागे सूची, आत बारीक टाइपात एकेका लेखाचं आठ-दहा ओळींचं सार. आमच्या बाजूला ते खंड धुळ्याच्या एका जुन्या कॉलेजात असल्याचं कळलं. पॅसेंजरने जळगाव, तिथून एसटीने पारोळ्यावरून धुळे. मी पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि ग्रंथालयाला जेवणाची सुट्टी होती. हातात उरले दोन तास. खंडांवर ‘फक्त संदर्भासाठी’ असा शिक्का. ते इमारतीबाहेर जात नव्हते आणि झेरॉक्सचं दुकान बाहेर, बाजारात.

मी निघताना ग्रंथपाल म्हणाले, “मॅडम, दर वेळी एवढ्या लांबून येणं तुम्हाला जमायचं नाही. कोणते शब्द शोधायचे ते पत्रात लिहून पाठवा. वर तुमचा विषय लिहा, म्हणजे आमचा घोटाळा होणार नाही. सापडेल ते उतरवून पाठवतो.”

मला वाटलं, निरोप देताना बोलतात तसं बोलले असतील. तरी पत्र टाकलं, माथ्यावर विषयाचं इंग्रजी शीर्षक लिहून. बाराव्या दिवशी पाकीट आलं. आत चार फुलस्केप कागद, निळ्या शाईत, गोल, सुटं, उभं अक्षर. एकही चूक नाही. बुरशीची लॅटिन नावं आमच्या बी.एस्सी.च्या मुलांना नीट लिहिता येत नसत. इथे टिंबसुद्धा जागेवर होतं.

असं दीड वर्ष चाललं. मी शब्द पाठवायचे, धुळ्याहून सार यायचं. मुलगी झोपली की मी ते कागद वहीत डकवत असे. हळूहळू त्या अक्षराच्या सवयी लक्षात यायला लागल्या. छापील ओळ जिथे तुटत असेल तिथेच ती कागदावरही तुटलेली असायची, शब्द अर्धा राहिला तरी. एकदा तर एका शब्दातलं मधलं अक्षर अर्धंच काढलं होतं. मूळ छपाईत ते पुसट उठलं असणार. मला हसू आलं. ग्रंथपाल फारच काटेकोर दिसतात, असं मी घरी म्हटलंही.

मग एका पाकिटात मी न मागितलेला एक जादा कागद आला. कडेला लाल पेन्सिलीची रेघ, आणि ग्रंथपालांची मराठीत एक ओळ : हे आपण विचारलं नव्हतं, तरी एकदा पाहावं.

पाहिलं. दूरच्या कुठल्या देशातल्या माणसाने माझंच काम केलं होतं. तीच बुरशी, तोच देठ, जवळजवळ तेच प्रयोग. शीर्षकात दोन शब्दांचा काय तो फरक. मी स्वयंपाकघरात उभी होते, तिथेच पाटावर बसले. सासूबाईंनी विचारलं, “कोणाकडे काही बरंवाईट झालं का गं?”

रविवारी जळगावला मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी कागद दोनदा वाचला. “आत्ता कळलं हे बरं झालं. तोंडी परीक्षेत कळलं असतं तर?” आम्ही विषय बदलला. घडाऐवजी पिल्लबागेतल्या, म्हणजे जुन्या बुंध्याच्या पिलांवर धरलेल्या दुसऱ्या पिकातल्या, वाळक्या पानांवर ती बुरशी उन्हाळा कसा काढते, ते बघायचं ठरलं. दीड वर्षातलं निम्मं काम वाया गेलं. पण निम्मं वाचलं.

दिवाळीच्या सुट्टीत मुद्दाम धुळ्याला गेले, आभार मानायला. ग्रंथपाल संकोचले.

“मी सूचीत शोधून चिठ्ठ्या घालून ठेवतो, तेवढंच. उतरवायचं मीच म्हणालो होतो खरा. पण वेळ होईना. बाकीचं आमच्या नानांचं.”

त्यांनी हाक मारली. खाकी कपड्यातला, पन्नाशी ओलांडलेला शिपाई आला. हातात पाण्याचा जग. हेच ते नाना.

“नाना, तुमचं इंग्रजी किती छान आहे!” मी म्हणाले.

नाना ग्रंथपालांकडे बघायला लागले. मग अहिराणीत म्हणाले, “ताई, माले विंग्रजी येत नही. मी अक्षर देखिसन काढस.”

चौथीपर्यंत शिकलेला तो माणूस. तरुणपणी बैलगाड्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर नावं रंगवायचा. इंग्रजी अक्षरं त्याला चित्रासारखी दिसत, आणि चित्र चुकवायचं नाही एवढंच त्याला ठाऊक.

“मग तो जादा कागद?”

“तुमना प्रत्येक पत्रावर जे वर लिखेल ऱ्हास, तेच माले बुकमा दिसनं. दोन शब्द सोडीसन बाकी बठ्ठं तसंच. मी सायेबले दखाडं.”

मी दीड वर्ष वाचत होते आणि मला दिसलं नव्हतं. सूचीत माझ्या शब्दांखाली ते नव्हतंच, भलत्याच शब्दाखाली होतं. ते सापडलं इंग्रजी वाचता न येणाऱ्या माणसाला. मला लाज वाटली, हे खरं सांगते. त्या माणसाची कीव आली असती तर सोपं गेलं असतं. कीव वाटण्यासारखं त्याच्यात काही नव्हतंच.

नानांनी पाण्याचा जग खाली ठेवला. “ताई, एक इचारू? मी एवढं लिखं, येना अर्थ काय शे?”

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मी त्यांना सगळं सांगितलं : बुरशी म्हणजे काय, कापलेल्या देठातून ती आत कशी शिरते, घड जमिनीवर ओढला की काय होतं, कापणीचा विळा स्वच्छ का हवा. ते मान खाली घालून ऐकत होते. त्यांचं गाव तापीकाठचं, केळीचंच.

शेवटी म्हणाले, “हाई तं आमना बाप बी सांगे. घड भुईवर टेकू देऊ नका म्हने.”

“मग खरंच सांगायचे.”

“पन कसाले, ते त्यास्ले माहीत नव्हतं.” बाकावरून उठत म्हणाले, “आते माले माहीत शे.”

पदवी मिळायला आणखी चार वर्षं लागली. पाकिटं शेवटपर्यंत येत राहिली. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी ग्रंथपालांच्या आधी नानांचं नाव घातलं, तेव्हा मार्गदर्शकांनी विचारलं की हे कोणत्या विभागाचे. मी सांगितलं. त्यांनी नाव खोडायला उघडलेलं पेन खिशाला लावलं आणि पान पुढे उलटलं.