बाईंनी अडवलेलं शिफारसपत्र

फर्नांडिस बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालवण स्टँडवर कट्टा गावच्या एस्टीची वाट बघत होते. निघाले होते त्यांच्याकडेच, भांडायला. कोल्हापूरला बँकिंग आणि फायनान्सच्या एम.कॉम.ला मला प्रवेश मिळाला होता, तोही त्यांच्या शिफारसपत्राशिवाय, हे तोंडावर सांगायचं होतं... एस्टी आली, गेली. मी तिथंच उभी. महिना उलटला, तरी हा राग कुठं ठेवावा कळत नाही.

बाई कॉलेजात आम्हाला बँकिंग शिकवायच्या. पत्र मागणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी एक दिवस बँकेतल्या बाकावर बसवत. लिहिता न येणाऱ्यांचे अर्ज भरून द्यायचे. आधी माणसं बघ, मग पदवी निवड, म्हणायच्या. मीही बसले. बाजारात मासे विकणाऱ्या एक मावशी पुतण्याला घेऊन आल्या. त्यांच्या खात्यावर आपलं नाव जोडायचंय, असं पुतण्या म्हणाला. मावशी नुसत्या मान हलवत होत्या. मी सुबक अक्षरात अर्ज भरला आणि संध्याकाळी बाईंना ऐटीत सांगितलं.

"तिका एकटीक इचारलंस?" बाई म्हणाल्या.

"तो बाजूलाच उभा होता, बाई."

"मगे पत्र आत्ताच नको."

मी तणतणत घरी आले, दुसऱ्या सरांकडून पत्र घेतलं. नंतर बाईंचे दोन फोन आले, ते मुद्दाम उचलले नाहीत. ते आता फार सलतात.

परवा चर्चमध्ये बाईंसाठीच्या महिन्याच्या मिस्सेला, प्रार्थनेला, त्याच मावशी भेटल्या. "बाई माज्या घराक इली. पुतण्याक भायर बसयल्यान नि माका इचारल्यान, तुका त्याचा नाव होया काय? मी म्हटलंय, होया. पण माका असा कोणी इचारूकच नाय होता गो." म्हणजे माझा अर्ज बरोबरच होता. बाई हेच सांगायला फोन करत होत्या, की पुन्हा नाही म्हणायला? डोकं भणभणून गेलं. मी तर माणसं न बघताच पदवी निवडली होती; कोल्हापूरला जावं की प्रवेश सोडावा, काही ठरेना.

काल, कुणी सांगितलं नसताना, पुन्हा त्या बाकावर जाऊन बसले. एक आजी आपल्या मुलासोबत आली. तिच्या खात्यावर आपलं नाव घालायचं म्हणून तो घाईत सांगू लागला. "दादा, तुमी जरा भायर थांबा," मी म्हटलं. तो चिडून गेला.

"आजी, आता तू सांग."

ती दाराकडे बघून हळूच म्हणाली, "माका नको."

अर्ज मी कोराच ठेवला. सोमवारी कोल्हापूरची गाडी पकडणार आहे.