इंजिनाचे पाय

मिस्त्रीचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. चाळीस वर्षं बोटींच्या पोटात शिरून इंजिनं बसवता बसवता पाठ वाकली, मान मात्र नाही. यार्डातले लोक म्हणत, याच्याशी बोलायचं तर पाना पोचणार नाही इतकं लांब उभं राहावं.

यंदाचं काम घरचं होतं. भाऊ गेल्यावर त्याची शिडाची बोट वहिनीच चालवायची. दोन महिन्यांच्या हंगामात प्रवासी फिरवायचे आणि त्यावर वर्ष काढायचं. आता जुनं डिझेल इंजिन कायमचं बसलं होतं, आणि इंजिनाशिवाय नुसत्या शिडावर प्रवासी न्यायला परवानगी नव्हती.

"भावोजी, हंगामाआधी व्हायला हवं," ती म्हणाली.

"झालं समजा."

झालं कसलं डोंबलाचं! नवं इंजिन परदेशातून मागवलं, तर आधी कारखाना बंद, मग जहाज अडकलं, मग पेटी भलत्याच बंदरात उतरली. विक्रेत्याच्या ऑफिसातली मुलगी फोन करून "काका, पुढच्या आठवड्यात" म्हणायची आणि मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पुढेपुढे तर तिने "काका" म्हणायचा अवकाश, हा चार शब्द सुनावून फोन कट करायचा. वर वहिनीला ऐकवायचा, "आज अशी झाडली तिला." खरं तर त्याला त्यात मजा यायला लागली होती.

पण हातावर हात ठेवून बसेल तो मिस्त्री कसला? इंजिनाचे पाय जिच्यावर टेकतात ती बैठक त्याने कागदावरच्या मापाने करून टाकली. भक्कम लाकूड, वर फायबरचे थर, केसाचाही फरक नाही. इंजिन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बैठक करायची नसते, हे त्यानेच आजवर दहा जणांना शिकवलं होतं.

हंगामाला पाच दिवस उरले तेव्हा इंजिन आलं. क्रेनने बोटीत सोडलं, तर पाय बैठकीच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं बाहेर. उचललं, परत सोडलं, तरी तेच. म्हणजे बैठक फोडून नवी करायची, तोवर क्रेनचा हा नंबर हुकणार, आणि बोट पाण्यात सोडायला पुढचा नंबर दीड महिन्याने.

मिस्त्रीने तिथेच फोन लावला. वहिनीलाही ऐकू दे म्हणून स्पीकरवर टाकला आणि तोंडाचा पट्टा सोडला. त्या मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"काका, ते मॉडेल बंद झालं. बदली आलंय त्याचे पाय रुंद आहेत. बैठक करू नका, हे सांगायला मी तीनदा फोन केला. तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत. शेवटी नवीन मापांचं पत्र पाठवलं."

पत्र आलं होतं. बैठकीच्या फायबरचं चिकट रेझिन कालवायला हाताशी काही नव्हतं, म्हणून ते पाकीट न फोडताच त्याने त्यावरच रेझिन कालवलं होतं. ते अजून तिथेच पडलं होतं, दगडासारखं कडक होऊन.

वहिनीने ते उचलून पाहिलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"तोंड तुमचं सुटलं भावोजी, हंगाम माझा गेला," ती म्हणाली आणि शिडीने खाली उतरून गेली.

चिडायला आता समोर कुणी उरलं नव्हतं. हातातला फोन अजून चालूच होता.

"काका, आहात ना? की कट केलात?"

"आहे," मिस्त्री म्हणाला. "सांग मापं."