मुंग्यांची रेघ

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. आई म्हणायची, ही जीभ एक दिवस तुला गोत्यात आणील. भोगलं मात्र दुसऱ्यांनी.

सत्तरच्या दशकाची सुरुवात, दुष्काळाचे दिवस. नगरच्या एका कॉलेजात मी संशोधन करून एम.एस्सी. करत होतो. काम काय, तर बेंझिनमध्ये क्लोरीन सोडायचा, फ्लास्क गच्चीवर उन्हात ठेवायचा आणि शेतकरी तेव्हा पिकावर मारायचे ती बीएचसी पावडर बनवायची. आता यातली मेख ऐका. सहा कार्बनचं कडं, त्याला सहा क्लोरीन. पण कुठला क्लोरीन कड्याच्या वर बसला नि कुठला खाली, यावरून त्याच पदार्थाचे निरनिराळे प्रकार होतात. त्यातला किडे मारणारा एकच, गॅमा. बाकीचे नुसता वास मारतात. आणि हा गॅमा निघतो अगदी थोडा. तो जास्त निघावा, एवढाच माझा ध्यास. जमलं तर माझे मार्गदर्शक सर ते पुण्याच्या परिषदेत मांडणार होते. आमच्यासारख्या कॉलेजातल्या माणसाला तिथं कोण विचारतो? सरांनी या एका संधीची कित्येक वर्षं वाट पाहिली होती.

प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला मामा होते. बेलापूरकडचे, पन्नाशीचे. नळ कोरडे पडले होते, म्हणून माझे फ्लास्क गार ठेवायला मामा दोन जिने चढून पाण्याच्या बादल्या आणून द्यायचे. वर मलाच विचारायचे, "आरं पोरा, जेवलास का न्हाई?" माझी उरलेली पावडर ते फेकत नसत. चहाच्या साखरेला मुंग्या लागायच्या, त्या डब्याभोवती तिची रेघ ओढायचे. संध्याकाळपर्यंत मुंग्या उताण्या.

एकदा मी धुण्या-गाळण्याची पद्धत बदलली आणि लखलखीत स्फटिक मिळाले. गॅमा एकशे बारा अंशांच्या आसपास वितळतो. माझे कण बरोबर एकशे बाराला ओलसर झाले. झालं, मी उडालोच! शुद्ध पदार्थ झटकन वितळतो; यांनी पुरते वितळायला फार वेळ घेतला, पारा बराच वर गेला, ते मी वहीत लिहिलंच नाही. आणखी एक तपासणी राहिली होती. शुद्ध गॅमात मिसळून तापवायचं. पदार्थ वेगळा असेल तर मिश्रण आधीच वितळतं. शुद्ध गॅमाची बाटली सरांच्या कपाटात होती. मागायला काय धाड भरली होती? पण उत्तराची भीती वाटत होती, खरं सांगतो.

सर खूश होऊन चार विद्यार्थ्यांना ते स्फटिक दाखवत होते, तेव्हा मामा मधेच म्हणाले, "पोरा, तुझ्या ह्या पावडरीवरनं मुंग्या खुशाल चालत्यात. आदीच्या पावडरीनं मरत हुत्या. कायतरी चुकतंय बग."

माझं डोकंच फिरलं. "मामा, तुम्ही बाटल्या धुवा. केमिस्ट्री मुंग्यांना विचारून होत नसते!"

सगळे हसले. सरही हसले. मामा "बरं" म्हणाले आणि फडक्यानं ती रेघ पुसून टाकली.

पुण्याला मी सरांबरोबर गेलो. सरांचं बोलून झाल्यावर एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी एकच विचारलं, "शुद्ध गॅमात मिसळून पाहिलंत का?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "नाही," सर म्हणाले, "चूक माझी." अहो, चूक माझी होती! मी तिथं उठून ते म्हणायला हवं होतं, पण माझी तिखट जीभ नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली.  परतताना एसटीत शिरूरजवळ सर म्हणाले, "मुंग्यांचं ऐकायला हवं होतं रे." त्यानंतर ते कुठल्याच परिषदेला गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मीच साखरेच्या डब्याभोवती त्या स्फटिकांची रेघ ओढली. मुंग्या आरामात ओलांडून गेल्या. मी मामांना हाक मारली. "मामा, तुमचं खरं होतं. बघा ना." माफी मागायची होती, तेवढंच तोंडातून निघालं.

मामांनी बाटली विसळून पालथी ठेवली. "मला काय कळतंय त्यातलं, साहेब," ते म्हणाले. "मी बाटल्या धुनारा मानूस."

मग ते नेहमीसारख्या दोन बादल्या वर घेऊन आले. दुपार टळून गेली होती, मी सकाळपासून उपाशी होतो. मामांनी बादल्या ठेवल्या आणि काही न विचारता ते खाली गेले.