शालूवैनीची हाक

टीव्हीवर ती खुनाची मालिका लागती न्हवं, रोज एक मढं आन् शेवटाला पोलीस येऊन सगळं उलगडून सांगत्यात, ती आमच्या मंगळवार पेठंत लोकं हातातला घास हातात ठेवून बघत्यात. बघा बापडे. पर त्यातली रडणारी आई दिसली की मी उठून भाईर जातो. ती आमची शालूवैनी. माझ्या भिंतीला भिंत लावून ऱ्हाती.

मी गुंडू, रिक्षा चालवतो. शालूवैनीचा नवरा माझा जिवाचा दोस्त. त्यो गेला तवा तिचं पोरगं सम्राट पाळण्यात हुतं. लोकांच्या घरच्या भाकरी थापून तिनं त्येला वाढवलं. आन् पेठंत तिचा आणखी एक मान हुता. रडण्याचा.

हसू नगा. आमच्यात मातीला नुसतं डोळं पुसून भागत न्हाय. घरातल्या बाईनं मेलेल्याचं गुण आठवून, हेल काढून त्येला हाक मारायची. ती हाक झाल्याबिगर तिरडी उचलायची न्हाय, न्हायतर जीव उंबऱ्यातच घुटमळतोय, असं जुनी माणसं सांगत्यात. सगळ्यांस्नी ते जमत न्हाय. कुणाचा घसा बसतोय, कुणाला शब्दच सुचत न्हाईत. मग शालूवैनी शेजारी बसून सुरुवात करून द्यायची. ती सुरू झाली की बांधावरनं कोर्टात गेलेला भाऊसुद्धा ढसाढसा रडायचा, बगा.

तर त्या मालिकावाल्यांनी कळंब्याकडं एक बंगला भाड्यानं घेतला. माणसं न्यायला-आणायला माझी रिक्षा. एक दिवस मेलेल्या पोराची आई व्हणारी बाई आलीच न्हाय. मी म्हटलो, "आमच्या वैनीसारखं रडणारं अख्ख्या जिल्ह्यात घावायचं न्हाय." घेऊन गेलो.

वैनीनं असा हेल काढला की तोंडाला रंग लावणारी पोरगी रंगाचा डबा खाली ठेवून रडाय लागली. पर त्यांचा डायरेक्टर, राजवर्धन म्हणून एक पोरगा, वागायला गोड, त्यो म्हणाला, "आई, छान आहे, पण हे नाटकी वाटतं. आपली मालिका अगदी खरी वाटली पाहिजे. खरी आई असं गाऊन रडत नाही. तिचा आवाजच जातो. भिंतीला टेकायचं, हळूहळू खाली बसायचं, तोंड उघडं, आवाज नाही."

मुडदा बशिवला तुझा, मी मनात म्हटलो. चार बुकं शिकलं आन् आईला रडायला शिकवतंय!

पर वैनी शिकली. घरात कपाटाच्या आरशापुढं भिंतीला टेकून खाली सरकायची. पुढं प्रत्येक मेलेल्याची आई तीच. भाजी घेताना बायका थांबवायच्या, "तुमी त्या टीव्हीतल्या न्हवं?" वैनी लाजून पदर तोंडाला लावायची.

सम्राटला भारी गंमत वाटायची. तो फौंड्रीत दुसऱ्या पाळीला जायचा, आन् सुट्टी असली की कट्ट्यावर बसून आईची वाट बघायचा. माझी रिक्षा थांबली रं थांबली की वरडायचा, "आये, आज कोण मेलं?"

"आज पोरगी मेली बाबा. हिरीत सापडली."

"अरारा! बरं, च्या टाक."

दोघं बी हसायची. मी दम द्यायचो, "तिन्हीसांजंचं असलं बोलू ने रं." तर म्हणायचा, "गुंडूकाका, टीव्हीतलं मराण घराला लागतंय व्हय?"

गेल्या साली ऊसतोडीच्या दिवसांत तो मामाकडं नेसरीला गेलता. येताना रस्त्यात बिनलाइटीची उसाची ट्रॉली उभी. मोटारसायकल पाठीमागनं आत घुसली. जाग्यावर गेलं पोरगं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आणलं. गल्ली माणसांनी भरली. आमी तिरडी बांधून उभं, आन् सगळ्यांचं कान घराकडं. बायका शालूवैनीला धरून भाईर घेऊन आल्या. तिनं सम्राटकडं बघितलं. मागं सरली. भिंतीला टेकली. हळूहळू खाली बसली. तोंड उघडं, आवाज न्हाय.

हुबेहूब तसंच, जसं शूटिंगला दहादा बघितलंतं.

शेजारची तानाबाई तिच्या कानाशी लागली, "आगं, हे शूटिंग न्हवं. हाक मार की लेकराला!" म्हाताऱ्या बायकांनी पाठीवर थापट्या मारल्या. वैनीचा गळा हलायचा, पर आत काय बी न्हाय. माझ्याकडं बघून नुसत्या वाऱ्यानं बोलली, "भावजी, येत न्हाय."

किती थांबायचं? ऊन कललं. शेवटी तानाबाईनंच हेल काढला, पर ती काय आई हाय? तसंच उचलला. मागं कोणतरी बोललंच, "टीव्हीतली बाई. पोरगं मेलं तरी ॲक्टिंग." त्येचं तोंड फोडणार हुतो, पर खांद्यावर सम्राट हुता.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी वैनी मला म्हणाली, "भावजी, त्यो अजून उंबऱ्यातच हाय. कसा जाईल? मी हाक मारली न्हाय. हजारांची मढी उचलून दिली, आन् माझ्या लेकराला मला दुसऱ्याचंच रडणं आलं." तवापासनं ती उंबऱ्यावर पाय द्यायची न्हाय. कडंकडंनं जायची-यायची.

काय महिनं गेलं आन् राजवर्धनचा फोन आला. मी म्हटलो, न्हाय म्हणून सांगतो. वैनी म्हणाली, "चला."

तिथं एक पोरगा पांढऱ्या चादरीखाली मढं व्हऊन पडलावता. चादर आखूड. पाय उघडं, टाचा भेगाळलेल्या. पाळीभर फौंड्रीत उभं ऱ्हाऊन सम्राटच्या तशाच झालत्या. वैनी भिंतीला टेकली, खाली सरकाय लागली, आन् मधीच थांबली. भिंत सोडली. जाऊन त्येच्या उशाला बसली.

"सम्राटा रं! माझ्या राजा! पाळीचा डबा भरून ठिवलाय रं! आईच्या भाकरीला नावं ठेवत ठेवत चार खाणाऱ्या, आता कुणाला वाढू रं! जा माझ्या वाघा, मागं बघू नगंस, आई हाय हितं, जा..."

चादरीखालचं पोरगं हुंदकं देत हुतं. मी दाराला धरून रडलो, लाज कशाची? राजवर्धनचं बी डोळं भरलंतं. ते पुसून तो जवळ आला. "आई, हे नाही घेता येणार. मुलाचं नाव वेगळं आहे... आणि लोकांना हे खरं वाटणार नाही."

वैनीनं त्येच्या गालावरनं हात फिरवला. "नगं घेऊस बाबा. ते तुझ्यासाठी न्हवतंच."

पेठंत आलो. रिक्षा कट्ट्यापाशी थांबवली, तर वैनी उतरंना.

"भावजी, इचारा की."

"काय?"

"त्यो इचारायचा ते."

तिन्हीसांज झालती. तरी इचारलो, "वैनी, आज कोण मेलं?"

"माझा सम्राट मेला," ती म्हणाली.

मग उतरली, दार उघडलं, आन् कुणाला तरी भाईर जायला वाट द्यावी तशी पदर आवरून बाजूला उभी ऱ्हायली. थोड्या येळानं उंबऱ्यावर पाय ठेवून आत गेली.