बागेतली काकडीवाली

मुरबाडच्या बागेच्या फाटकाशी एक म्हातारी काकड्यांची टोपली घेऊन बसायची. गिऱ्हाईक नसलं तरी तिचा हात काकड्यांवर पाणी शिंपडतच असायचा. नाव मी कधी विचारलं नाय.

त्या रविवारी कडक ऊन होतं. घसरगुंडीजवळ गवतावर मी चपला काढून बसले, जरा मोबाइल बघितला, मान वर केली तर माझी तीन वर्षांची पोर नाय! तिच्या चपला तेवढ्या घसरगुंडीखाली पडलेल्या. मी ओरडत फरशीवरनं फाटकाकडं पळाले.

"आजी, माझी पोर भायेर गेली का वो? चपला पन टाकून गेलीय!"

म्हातारीनं फरशीला हात लावून बघितला.

"रडू नको गो. अनवाणी हाय ना? मग हिकडं नाय आली. मी डोळखांबला बकऱ्या राखल्यात. तापल्या दगडावर बकरूसुदा पाय ठेवत नाय. सावली धरून चल."

झाडांची सावली जिकडं गेली तिकडं आमी गेलो. सावली संपली तिथं नळ होता, न नळाखाली माझी बाय चिखलाच्या भाकऱ्या थापत बसलेली. तिला उराशी धरलं तवा माझा जीव भांड्यात पडला.

म्हातारी माझ्या पायांकडं बघून हसली. "बकराला कळतं, न तुला नाय कळलं?"

मला खाली बसवून तिनं माझ्या पायांवर काकड्यांवर शिंपडायची तसं पाणी शिंपडलं. अख्खी फरशी मी अनवाणी तुडवलेली, न तळवे भाजल्याचं मला तवा कुठं कळलं.