शेजारच्या वस्तूचा भाव

फोन सकाळी साडेसातला आला. डबे भरायची वेळ, म्हणून मी नेहमीसारखा खेकसूनच उचलला. पलीकडे माझी धाकटी बहीण वंदना जिथे नर्स होती, त्या आरोग्य केंद्रातला तरुण डॉक्टर होता. वंदना सिस्टर पहाटे वारल्या, म्हणाला. माझ्या मनात पहिलं हेच आलं की हा काहीतरी लपवतोय. कशाने, विचारलं तर हळूच म्हणाला, "ताई, त्यांनी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं का?" छातीत गाठ होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं तोवर आजार हाडांत उतरला होता. चार महिने हे त्या केंद्रातल्या शिपायापासून गाडीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. नव्हतं ते फक्त सख्ख्या बहिणीला.

याला आता सात आठवडे झाले. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा हे लिहिणं गोड होणार नाही.

वंदना माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी लष्करातल्या शिपायाशी लग्न करून दिल्लीच्या छावणीत आले. ती नर्सिंग शिकून सातपुड्यातल्या एका उपकेंद्रावर रुजू झाली, ती तिथलीच झाली. लग्न केलं नाही. यजमान निवृत्त झाल्यावर मी दिल्लीतच मुनिरक्यात एका शेगडीवर खाणावळ सुरू केली. आज परीक्षांचा अभ्यास करणारी आपली मराठी पोरं दोन पंगतींत जेवतात. हे कोणी हातात आणून दिलेलं नाही. सांगितलेल्या भावाला मी कधी हो म्हणत नाही आणि समोरचा खरं बोलतोय असं धरून चालत नाही. वंदना उलटी. तिच्या उपकेंद्रात नर्सच्या दोन जागा होत्या, दुसरी कायम रिकामी. उपकेंद्र ज्या मोठ्या आरोग्य केंद्राखाली येतं तिथे बाईडॉक्टर यायची होती, ती वर्षानुवर्षं यायचीच राहिली. "येते गं कधीकधी. रस्ता बघते, क्वार्टर बघते आणि बदलीचा अर्ज करते," असं ती हसत सांगायची. मला हसू यायचं नाही. तुम्हाला मूर्ख बनवतायत, असं मी म्हणायचे.

ती पहिल्यांदा दिल्लीला आली तेव्हा मी तिला आमच्या बुध बाजारात नेलं होतं. तिला एक निळा थर्मास आवडला. पाड्यांवर फिरताना चहा न्यायला. आवडला तो इतका की नजर हलेना, आणि दुकानदार एक पैसा खाली येईना. मी दंडाला धरून तिला बाजूला ओढलं आणि धडा दिला. जे हवंय त्याच्याकडे बघायचंच नाही. शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा, तिच्यावरून हुज्जत घालायची, नको म्हणून निघायचं, आणि पाय बाहेर पडताना हव्या त्या वस्तूचं सहज, जाता जाता विचारायचं. वंदनाने पुढच्या दुकानात स्टीलच्या बादल्यांवरून असं काही भांडण काढलं की मीच बघत राहिले. तसाच निळा थर्मास तिथे कमी भावात मिळाला. गल्लीभर हसत होती. "ताई, हे म्हणजे खोटं बोलणंच झालं की." मी म्हटलं, खोटं कसलं, आपलं मन तेवढं समोरच्याला दाखवायचं नाही.

पुढे ती येत राहिली, पण कधी एकटी नाही. सोबत पाड्यावरची एखादी बाई, एखादं लेकरू. इथल्या मोठ्या इस्पितळाच्या रांगेत पहाटे जाऊन उभी राहायची, दुपारी माझ्याकडे जेवायची, दोन दिवसांत परत. मला वाटायचं, हिला बहीण नको, हिला धर्मशाळा हवी आहे. त्याहून वाईटही वाटायचं, की यातून हिला काहीतरी मिळत असणार. बढती, सत्कार, काहीतरी. उगाच कोण एवढं करतं? मी तसं विचारलंही होतं. ती म्हणाली, "मिळतं ना. तुझ्या हातची आमटी."

शेवटची आली ती दीड वर्षापूर्वी, झेलीबाईला घेऊन. साठीची बाई, छातीत गाठ. तिला ना मराठी धड येत, ना हिंदी. लिफ्ट हलली तशी तिने माझा पदर जो धरला तो वरच्या मजल्यापर्यंत सोडला नाही. वंदनाच्या आग्रहावरून मी त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. "ताई, तू आत चल, बाहेर बसू नकोस," असं ती दोनदा म्हणाली. आत दुभाषी वंदनाच. झेलीबाई आपल्या बोलीत दोन शब्द बोलायची, वंदनाची हिंदी दहा वाक्यं चालायची. गाठ दुखत नसेल तर वर्षभर थांबलं तर चालतं का? हात जड होतो तो यानेच का? स्कूटी चालवता येईल ना? डॉक्टरीणबाई खाली मान घालून लिहीत होत्या, थांबायचं अजिबात नाही म्हणत होत्या. मी मात्र ऐकत होते. जी बाई लिफ्टला घाबरली ती स्कूटी कसली चालवणार? निघताना, दार अर्धं उघडल्यावर वंदनाने मागे वळून सहज विचारलं, की यांच्या बहिणीलाही होऊ शकतं का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहिणीने तपासून घ्यायलाच हवं, दरवर्षी, आणि लवकर.

रिक्षात मी तिला धारेवर धरलं. "डॉक्टरांपुढे शहाणपणा मिरवायला आणलंस का त्या म्हातारीला? ती दोन शब्द बोलते आणि तू भाषण देतेस. स्कूटी म्हणे." वंदना बाहेर बघत राहिली. मला वाटलं, चोरी पकडली. त्यानंतर आमचं बोलणं सणावारी दोन मिनिटांच्या फोनवर आलं. मीच आणलं.

तिच्या दहाव्याला मी तिकडे गेले ती भांडायलाच. शोकसभेत एक साहेब तिच्या त्यागाबद्दल बोलले. मी उठून विचारलं, त्याग कसला, तिने दाखवायचं कुणाला होतं? बाईडॉक्टर कुठे आहे? नंतर मी तरुण डॉक्टरला पकडलं आणि कागद दाखव म्हटलं. त्याने मुकाट्याने एक गठ्ठा काढून दिला. तिशीपुढच्या प्रत्येक बाईचा तिथे एक तपासणीचा अर्ज भरतात. वंदनाने शेकड्यांनी भरले होते, आणि त्यात तिचा स्वतःचाही होता. विचारणारीही तीच, उत्तर देणारीही तीच. छातीत गाठ आहे का? त्यापुढे तिच्या वळणदार अक्षरात, 'नाही'. डॉक्टर म्हणाला, "मी मुलासारखा होतो त्यांना. मला कशा दाखवणार?" मग चाचरत म्हणाला, "ताईला कळवू नका म्हणाल्या होत्या. येऊन सगळ्यांना फैलावर घेईल म्हणाल्या." त्याचं मी काही ऐकून घेणार नव्हते, पण हे घ्यावं लागलं.

झेलीबाई ओसरीवर बसली होती. तिची गाठ साधी निघाली, काढून टाकली, बाई ठणठणीत. मला तिच्याकडे बघवेना, हे खरं सांगते. पण डोक्यात एक गोष्ट खुपत होती. तिथली बोली येणाऱ्या आशा कार्यकर्तीला मी म्हटलं, हिला विचार, तुला बहिणी किती? झेलीबाई चार बोटं दाखवून काहीतरी म्हणाली. आशाताईने सांगितलं, "चार भाऊ आहेत तिला. बहीण नाही."

बाजारात समोरचा कशाचा भाव विचारतोय आणि त्याला हवंय काय, हे मी लांबून ओळखते. माझाच धडा माझ्या नाकासमोर गिरवला गेला, आणि मला कळलं नाही. वर्षभर थांबलं तर चालेल का, हे तिचं स्वतःचं होतं. स्कूटीवरून पाडे फिरणारीही तीच. उत्तर मिळालं तरी ती थांबली. कामामुळे, असं सगळे म्हणतात. मला पटत नाही. मला वाटतं ती घाबरली... इतक्या जणींचा हात धरणारी, आणि हिचा धरायला जी होती ती रिक्षात ओरडत होती. पण दारात वळून, जाता जाता विचारलेला प्रश्न तिचा नव्हता. त्यासाठीच मला आत बसवलं होतं.

थर्मास मी घेऊन आले. झाकणाला पोचा पडलाय, निळा रंग तळाशी उडालाय, चहा अजून चार तास गरम राहतो. गेल्या मंगळवारी तो भरून घेतला आणि त्याच इस्पितळाच्या रांगेत उभी राहिले. खिडकीशी पोहोचले तेव्हा आतल्या माणसाने वर न बघता विचारलं, "किसको दिखाना है?"

मागे रांग खोळंबली होती. मी थर्मास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हटलं, "मुझे."