मागून टाचलेला कोट

मालवणच्या बाजारात भिकाजी फोटोग्राफरइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. गिऱ्हाइकाने ऐन वेळी डोळे मिटले, तर दुसरा फोटो फुकटात पदरात पडावा म्हणून मुद्दाम मिटले, असं त्याचं ठाम मत. दूधवाल्यावर संशय, शेजारच्या शिंप्यावर संशय, देवळाबाहेर वहाणांपाशी झोपलेल्या कुत्र्यावरसुद्धा संशय. बायको लवकर वारली ती बिचारी सुटली, असं लोक त्याच्या माघारी म्हणत, आणि ते माघारी काहीतरी म्हणतात हा त्याचा संशय मात्र खरा होता.

पण याच खोडीने त्याला मोठा मान मिळवून दिला होता. त्या पन्नास सालानंतरच्या दिवसांत घरटी एक पोरगा मुंबईला असायचा आणि सोयरीक निघाली की मुलीच्या घरी नवऱ्याच्या आधी त्याचा फोटो पोचायचा. अंगात कोट, गळ्यात टाय, मागे रंगवलेला बंगला. मुलीचा बाप तो फोटो टोपीत लपवून भिकाजीकडे आणी. भिकाजी भिंग लावून बघे आणि निकाल देई, "कोट स्टुडिओचो आसा." ढगळ कोट अंगाबरोबर दिसावा म्हणून तो पाठीमागून टाचण्यांनी आवळला, की पुढे बटणापाशी आडव्या चुण्या पडतात. त्या चुण्या त्याला अचूक दिसत, कारण त्याच्या स्वतःच्या स्टुडिओत खुंटीला असाच एक काळा कोट लटकत होता आणि तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्यांना त्याने तो स्वतः मागून टाचला होता. आपल्या कोटाबद्दल त्याला काही वाटत नसे. दुसऱ्याच्या कोटाने मात्र त्याने कितीतरी सोयरिकी मोडल्या.

मग पाळी आली ती त्याच्याच घरावर. शेवंती त्याची भाची. आईबाप गेल्यावर लहानपणीच त्याच्याकडे आलेली. घर तीच सांभाळी, आणि काळोख्या खोलीतलं कामही. फोटो धुणं, सुकवणं, बारीक पेन्सिलीने त्यावरचे डाग झाकणं, सगळं तिच्या हातचं. तिला तोंडवलीच्या नर्मदाबाईच्या लवूचं स्थळ आलं. लवू मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हापिसात असतो, असं कळलं. गणपतीला आला तेव्हा तो स्वतः स्टुडिओत येऊन गेला होता. कमी बोलणारा, मान खाली घालून हसणारा. शेवंतीने त्या दिवशी चहात दोनदा साखर घातली आणि भिकाजीने तो कपाळाला आठ्या घालून प्यायला.

लवूचा फोटो आला, त्यातल्या कोटालाही चुण्या होत्या. भिकाजीच्या मनात पाल चुकचुकली. रेसकोर्स म्हणजे जुगाराचं घर, आणि तिथे कसलं आलंय हापीस? या पोराच्या बाबतीत कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. पण एका कोटावरून भाचीचं लग्न मोडायला त्याचाही जीव होईना. पुरावा हवा होता.

तो मिळवायची संधी दाजींनी दिली. दाजींचं बाजारात चहाचं हॉटेल. तरुणपणी ते मुंबईला राहिलेले, तेव्हापासून घोड्यांचं वेड. भिंतीवर डर्बीचा, म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या शर्यतीचा, मोठा फोटो लावायचा ही त्यांची जुनी हौस. भिकाजीने मुंबईला जाऊन तो काढावा असं त्यांनी सुचवलं आणि भिकाजी नको नको म्हणत त्याच संध्याकाळी घडीचा कॅमेरा पुसायला बसला.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी तो रेसकोर्सवर शिरला आणि पहिल्यांदा खिसा घट्ट धरून उभा राहिला. एवढी माणसं त्याने आंगणेवाडीच्या जत्रेतच पाहिली होती, पण ती देवीसाठी जमत. इथे पारशिणी फुलाफुलांच्या छत्र्या घेऊन बसल्या होत्या, संस्थानिकांच्या फेट्यांना इस्त्री असावी असा ताठपणा होता, आणि कठड्याबाहेर मळके सदरे घातलेली हजारो माणसं हातातल्या तिकिटाकडे अशी बघत होती, की जणू घरच्या मुलाबाळांचं पोट त्या एका कागदावरच होतं. धावण्याआधी घोडे गोल फिरवत होते. त्यांची अंगं तेल लावल्यासारखी चमकत होती. भिकाजीला ते आवडले, म्हणून त्याने त्यांच्यावरही संशय घेतला. इतकं देखणं जनावर सरळ नसणार.

फोटो काढायला लागला तेव्हा त्याची फजिती झाली. जन्मभर त्याने खुर्चीवर बसलेल्या माणसांना "हलां नको" म्हणून फोटो काढलेले. घोड्याला ते कोण सांगणार? पहिल्या शर्यती नुसत्या धुरळ्यासारख्या टिपल्या गेल्या. मग त्याला युक्ती सुचली. मोठी शर्यत झाल्यावर जिंकलेला घोडा सावकाश चालवत आणतात, तेव्हा टिपायचा. पण खरं सांगायचं तर डोळा घोड्याकडे आणि अर्धा जीव गर्दीत होता. हापिसाची खोली त्याने दोनदा पालथी घातली. लवू नव्हता.

डर्बी सुटली. लोक असे ओरडले की त्याच्या पायाखालची जमीन हलली. जिंकलेला घोडा आला, गळ्यात हार, मागे मालकाचे सोयरेधायरे. हरलेल्यांनी तिकिटं फाडून फेकली आणि सगळी जमीन पांढरी झाली. भिकाजीने बटण दाबलं, आणि त्याच क्षणी घोड्याच्या पलीकडे, माणसांच्या पायांच्या गर्दीत, त्याला लवू दिसला. कोट नाही, टाय नाही. खाकी सदरा, वाकलेला, खालची फेकलेली तिकिटं वेचत होता. एक हातात धरून बघत होता. हाक मारायच्या आत गर्दी मध्ये आली आणि तो दिसेनासा झाला.

भिकाजीला सगळं कळलं, म्हणजे कळलं असं त्याला वाटलं. पोरगा रेस खेळतो, आणि इतका बुडालाय की दुसऱ्यांनी फेकलेल्या तिकिटांत चुकून जिंकलेलं सापडतं का ते शोधतो. आगबोटीने परत येताना तो सबंध वाट स्वतःवर खूश होता.

फोटो शेवंतीनेच धुतले. लहानशा प्रती, त्यात लवूचं डोकं मटकीच्या दाण्याएवढं. तेवढा भिकाजीला पुरला. शिमग्याला लवू गावी आला तेव्हा भिकाजी फोटो घेऊन तोंडवलीला गेला आणि देवळासमोर, चार जाणत्यांच्या देखत, त्याने तो लवूसमोर धरला. लवूने फोटो पाहिला. त्याचा चेहरा उतरला, मग एकदम सुटल्यासारखा झाला.

"होय," तो म्हणाला. "मी होतंय थंय. रेस खेळतंय मी."

सोयरीक मोडली. घरी येऊन भिकाजीने शेवंतीला सगळं सांगितलं आणि एका जुगाऱ्याच्या हातून तुला वाचवली असंही वर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चुलीपाशी गेली. त्यानंतर आलेली दोन स्थळं तिने नाकारली. का, ते सांगेना. भिकाजीला तिच्यावरही संशय येऊ लागला.

पावसाळा सरता सरता दाजींनी हॉटेलाला रंग काढला आणि डर्बीचा फोटो मोठा करून मागितला. भिकाजीने तोच जिंकलेल्या घोड्याचा निवडला. शेवंती सहज म्हणावं तसं म्हणाली, की उजवीकडचा कोपरा कापून टाका, घोडा आणखी उठून दिसेल. गोष्ट बरोबर होती, पण ती नजर चुकवून बोलली होती. मोठा केलेला फोटो सुकला तसा भिकाजी भिंग घेऊन त्या कोपऱ्यावर बसला.

आता लवूचं डोकं लिंबाएवढं होतं. खाकी सदऱ्याच्या दंडाला पितळेचा बिल्ला होता. एका धोतरवाल्याच्या पायामागून टोपली दिसत होती, तिकिटांनी भरलेली. आणि काखेत धरलेला, आजवर कुणाची तरी काठी वाटलेला, लांब दांड्याचा झाडू. भिंग धरलेला हात खाली आला. पोरगा रेस खेळत नव्हता. रेस संपल्यावर ती झाडत होता.

शेवंती दारात उभी होती.

"तुका म्हायत होतां?" त्याने विचारलं.

"धुतानाच दिसलो माका बिल्लो."

"मगे बोलली नाय कित्याक?"

"तुमी माका खंय इचारलास, मामानू?" ती म्हणाली. "आणि बोलान काय करतलंय होतंय? जुगारी म्हटल्यार लोक म्हणतत, सुधारात. झाडूवालो म्हटल्यार तेच्या आवशीक पाणवठ्यार कोण उभी करून घेयत नाय. तो आपल्या तोंडान जुगारी झालो, तां मी कशी मोडू?"

भिकाजीला तोंडात मारल्यासारखं झालं. सगळ्या गावाच्या चुली मुंबईच्या घामावर पेटत होत्या, आणि तो घाम कुठला हे विचारायला मात्र सगळे टपलेले. त्यांत सगळ्यांत पुढे भिंग घेऊन आपण. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ही गोष्ट त्याच्या सवयीची नव्हती. त्याने कात्री घेतली आणि कोपरा कापून चुलीत टाकला. फोटो अरुंद का झाला असं दाजींनी विचारलं तेव्हा कडेला उजेड शिरला होता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी होडीने खाडी ओलांडून तो तोंडवलीला गेला. नर्मदाबाईच्या अंगणात शेजारीपाजारी जमले, तेही याचसाठी की भिकाजी आता आणखी काय काढतोय. त्याने सर्वांदेखत सांगितलं, की आपली चूक झाली. लवू त्या दिवशी तिथे होता तो कामावर होता, त्याचं हापीसच तिथे आहे. आपण भलते आरोप घेऊन आलो, रागाच्या भरात पोरगा उलटं बोलला.

नर्मदाबाईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. संशयाची पाळी आता तिची होती. ती आत गेली, भिंतीवरचा लवूचा फोटो काढून आणला आणि त्याच्या हातात दिला.

"मगे ह्यो कोट कोणाचो ता सांग. तुका कळता ना?"

भिकाजीने खिशातून भिंग काढलं. बटणापाशी चुण्या होत्या. पाठीवर किती टाचण्या असतील हेही त्याला सांगता आलं असतं. त्याने पुष्कळ वेळ पाहिलं.

"तेचोच आसा," तो म्हणाला. "मापाचो शिवलेलो."

सगळ्यांचा विश्वास बसला. ज्या माणसाने आजवर एकाही कोटाला बरं म्हटलं नव्हतं, तो खोटं कशाला बोलेल?

तुळशीचं लग्न झालं आणि त्यानंतर लवू-शेवंतीचं. लग्नाचा फोटो स्टुडिओतच काढायचा होता. लवू साधा सदरा घालून आला आणि खुंटीवरच्या कोटाकडे बघून थांबला. भिकाजीने तो काढला, झटकला आणि त्याच्या अंगात चढवला. खांद्यांवर ढगळ होता. भिकाजी पाठीमागे गेला. शेवंती शेजारी उभी राहून एकेक टाचणी त्याच्या हातात देत होती. त्याने त्या अशा लावल्या, की पुढे एकही चुणी पडू नये. जन्मात पहिल्यांदा त्याला हे इतक्या जपून करावंसं वाटलं.

लवू समोरच्या पडद्यावरच्या बंगल्याकडे बघत होता. मान न वळवता तो हळूच म्हणाला, "मामानू, तुमका कळलां मां सगळां?"

भिकाजीने शेवटची टाचणी लावली.

"हलां नको," तो म्हणाला. "पाठीक टोचात."